रकान्यातली माणसं

ताई लग्न होऊन लंडनला गेली ती १९८२ साली. हॅरोमध्ये घर, एका शाळेच्या कार्यालयात नोकरी, दोन मुलं. २००८च्या सुमारास तिच्याकडे एक पाकीट आलं. चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या लोकांच्या प्रकृतीचा देशभर मोठा अभ्यास चालू आहे, तुम्ही यावं, रक्त-लघवी तपासू, उंची-वजन मोजू, काही प्रश्न विचारू. ताईनं ते पत्र फ्रीजच्या दाराला चुंबकानं लावलं. त्यावर वाणसामानाची यादी चढली, मग मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक, आणि शेवटी सगळंच रद्दीत गेलं. ‘‘दोन बस बदलून जायचं, अर्धी रजा टाकायची, आणि ते काय आपल्यासाठी असतं का?’’ असं ती मला फोनवर म्हणाली होती. मलाही तेव्हा ते पटलं होतं.

नऊ वर्षांनी ताईला मधुमेह निघाला. चष्म्याचा नंबर तपासायला गेली, तेव्हा डोळ्याच्या पडद्यावर खुणा दिसल्या. म्हणजे साखर आधीची काही वर्षं वाढलेलीच असणार. त्या सगळ्या वर्षांत तिच्या दवाखान्यात वजन होत होतं आणि दर वेळी ‘नॉर्मल’ असा शेरा पडत होता. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २४ होता. गोऱ्या माणसाला २५पर्यंत कुणी काही म्हणत नाही. आपल्यासारख्यांसाठी सावध व्हायची रेघ २३वर आहे, असं इंग्लंडच्या ‘नाइस’ या अधिकृत संस्थेनं २०१३ सालीच लिहून ठेवलं होतं. ते तिच्या फाइलपर्यंत पोचलं नव्हतं.

ही रेघ कुणी आखली, कशावरून आखली, हे शोधायला मी बसले आणि त्यातून हा लेख झाला. रेघ आखायला माणसं मोजावी लागतात. ती माणसं कोण होती, कुठून आली, कोण आलं नाही, कुणाला बोलावलंच नाही, ही या लेखाची गोष्ट आहे.

ताईला आलेलं पत्र ‘यूके बायोबँक’चं होतं. २००६ ते २०१० या काळात ब्रिटनमध्ये अशी सुमारे ९२ लाख पत्रं गेली. प्रतिसाद ५.५ टक्के. तरी पाच लाख माणसं जमली आणि आज जगभरातले संशोधक याच पाच लाखांच्या रक्तावर, जनुकांवर आणि उत्तरांवर काम करतात. त्यांतले ९४.६ टक्के गोरे आहेत. हा आकडा पाहिला की पटकन राग येतो, पण तो जरा थांबवावा लागतो. २००१च्या ब्रिटिश जनगणनेत त्या वयोगटात गोऱ्यांचं प्रमाण साधारण तेवढंच होतं. वरवरची बेरीज बरोबरच आहे. गडबड दिसते ती रकाना उघडून आत पाहिल्यावर. पाच लाखांत स्वतःला ‘इंडियन’ म्हणवणारे सहा हजारांच्या आसपास, ‘पाकिस्तानी’ दोन हजारांच्या आत आणि ‘बांगलादेशी’ अडीचशेच्या आत. पूर्व लंडनच्या टॉवर हॅमलेट्स भागात एकेका गल्लीत याहून जास्त बांगलादेशी माणसं राहत असतील. हृदयविकार आणि मधुमेह यांचा ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त मार खाणाऱ्या समाजांपैकी हा एक समाज आहे. त्याच्याबद्दल अडीचशे माणसांवरून काय बोलणार?

जे आले तेही त्यांच्या समाजातले निवडकच. केंद्रापर्यंत स्वतःहून जायचं, टचस्क्रीनवर लांबलचक प्रश्नावली भरायची, म्हणजे इंग्रजी हवं, वेळ हवा, सुटी हवी. बायोबँकेतली माणसं एकूण लोकसंख्येपेक्षा सुखवस्तू, कमी सिगारेट ओढणारी आणि जास्त निरोगी आहेत, हे त्या अभ्यासाचे लोक स्वतःच सांगतात. रात्रपाळीत टॅक्सी चालवणारा आणि हॉटेलच्या भटारखान्यात राबणारा त्यात कमीच सापडायचा.

‘साउथ एशियन’ हा शब्द तिकडच्या वैद्यकीय लेखांत सर्रास येतो. आपल्याला तो ऐकताना आपला वाटतो, पण त्याच्या पोटात कोण आहे? ब्रॅडफर्डचे पाकिस्तानी हे मुख्यतः मीरपूरचे. मंगला धरणात गावं बुडाली आणि १९६०च्या दशकात हजारो कुटुंबं यॉर्कशरच्या कापड गिरण्यांकडे निघाली. पूर्व लंडनचे बांगलादेशी बहुतेक सिल्हेटचे, बोटींवर कोळसा भरणाऱ्या खलाशांच्या मागोमाग आलेले. साउथॉलचे पंजाबी रबराच्या कारखान्यात लागले. लेस्टरचे बरेच गुजराती १९७२ साली इदी अमीननं नव्वद दिवसांची मुदत देऊन युगांडातून हाकलल्यावर आले, त्यांच्या दोन पिढ्या आफ्रिकेत गेलेल्या. यांचं जेवण वेगळं, देव वेगळे, कामं वेगळी, लग्नाच्या चालीरीती वेगळ्या. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे, पण या मोजणीत मराठी माणूस ‘इंडियन’मध्ये विरघळून जातो.

एका आकड्यात हे विरघळणं किती घातक असतं, ते न्यूकॅसलच्या एका अभ्यासात दिसलं. प्रा. राज भोपाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो मांडला. त्यांनी ‘साउथ एशियन’ असा एक ढीग न करता भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी वेगळे मोजले. पुरुषांमधलं धूम्रपान पाहा: भारतीय १४ टक्के, पाकिस्तानी ३२, बांगलादेशी ५७, युरोपीय वंशाचे ३३. तिघांना एकत्र कालवलं की येणारा आकडा गोऱ्यांच्या आकड्याजवळच जातो. मग कुणीही म्हणेल, तंबाखूच्या बाबतीत काही फरक नाही. दर शंभरातले सत्तावन्न पुरुष सिगारेट ओढतायत, ही एका समाजात लागलेली आग सरासरीच्या पाण्यात दिसेनाशी होते. मला या साऱ्या शोधात इतकं साधं आणि इतकं बोलकं उदाहरण दुसरं मिळालं नाही.

त्याच्याही आधीचा, साउथॉलचा अभ्यास १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पॉल मक्कीग आणि मायकेल मार्मट यांचा. पश्चिम लंडनमधल्या ४० ते ६९ वयाच्या लोकांची तपासणी झाली आणि दिसलं की मधुमेहाचं प्रमाण दक्षिण आशियाई लोकांत १९ टक्के, युरोपीय लोकांत ४ टक्के. पोटाचा घेर आणि इन्सुलिनला शरीरानं दाद न देणं, हे दोन्ही इथं एकत्र सापडले. आज आपल्या प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी असलेलं ‘पोटावरची चरबी वाईट’ हे वाक्य पक्कं होण्यात या कामाचा मोठा वाटा आहे. त्यातल्या सहभागींची संख्या मात्र मी तीनदा वाचली. पुरुष ३,१९३ आणि बायका ५६१, दोन्ही वंशांच्या मिळून. बरेच सहभागी कारखान्यांतून घेतले होते, म्हणून पुरुष जास्त. साउथॉलमधल्या पंजाबी बायका तेव्हा विमानतळावर साफसफाई करत होत्या, घरी शिवणकामाची यंत्रं चालवत होत्या, पण मोजमापाच्या टेपखाली त्या फार थोड्या आल्या. माझ्या ताईच्या वयाच्या बाईविषयी त्या काळी काय ठाऊक होतं, ते या ५६१वरून समजून घ्यावं.

लोक येत नाहीत, अशी संशोधकांची तक्रार असते. ‘हार्ड टू रीच’ असा शब्द त्यांनी करून ठेवलाय, म्हणजे हाताला न लागणारे. पण एकदा कुणी हात लावला होता, तेव्हा काय झालं तेही सांगायला हवं.

१९६९ साली कॉव्हेंट्री शहरात भारतीय वंशाच्या, बहुतेक पंजाबी, सुमारे २१ बायकांच्या घरी रोज चपात्या पोचवल्या जायच्या. या बायकांमध्ये रक्तक्षय फार दिसत होता आणि चपातीच्या पिठातलं लोह अंगी लागतं का, हे मेडिकल रीसर्च काउन्सिलच्या पैशावर चालणाऱ्या एका अभ्यासाला पाहायचं होतं. त्या चपात्यांच्या पिठात किरणोत्सारी लोह मिसळलेलं होतं. नंतर बायकांना ऑक्सफर्डशरमधल्या हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात नेऊन त्यांच्या शरीरात किती किरणोत्सार उरलाय ते मोजलं गेलं. त्यांतल्या अनेकींना इंग्रजी येत नव्हतं. काय खातोय हे त्यांना नीट कळलं होतं का, यावरून १९९५ साली चॅनल फोरच्या एका माहितीपटानं प्रश्न उभा केला. काउन्सिलनं चौकशी करवली. किरणोत्साराचं प्रमाण अगदी कमी होतं, असं सांगितलं गेलं. २०२३ साली कॉव्हेंट्रीच्या खासदार ताइवो ओवाटेमी यांनी पुन्हा चौकशीची मागणी केली, कारण त्या बायका कोण होत्या आणि त्यांचं पुढं काय झालं, हे अजूनही पूर्णपणे बाहेर आलेलं नाही.

मी या चपात्यांचा विचार सोडू शकले नाही. परक्या देशात नुकती आलेली बाई, दारात कुणी सुटाबुटातला माणूस डबा घेऊन येतो, तो डॉक्टरांकडून आलाय म्हटल्यावर ती तो घेते, कारण आपल्याकडे डॉक्टरला नाही म्हणायची पद्धत नाही. अन्न ही आपल्याकडे किती विश्वासाची वस्तू! किरणोत्साराचं प्रमाण कितीही कमी असो, तो विश्वास खर्ची पडला. त्या बायकांच्या मुली-सुना आज पन्नाशी-साठीच्या आहेत आणि त्यांच्याच दारात आता नव्या अभ्यासांची पत्रं पडतात.

तरीही काही ठिकाणी काम चांगलं झालंय, आणि ते कसं झालं हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

ब्रॅडफर्डच्या सरकारी रुग्णालयात २००७ ते २०११ या काळात बाळंतपणासाठी नाव घालणाऱ्या बायकांना ‘बॉर्न इन ब्रॅडफर्ड’ या अभ्यासात घेतलं गेलं. बारा हजारांहून जास्त आया, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास पाकिस्तानी वंशाच्या. इथं अडचण भाषेची होती. मीरपुरी ही बोली लिहिलीच जात नाही. उर्दूत छापलेला कागद मीरपुरी बाईच्या हातात दिला, तर अनेकींना तो वाचता येत नाही आणि वाचून दाखवला तरी परका वाटतो. म्हणून प्रश्न मीरपुरी उच्चारांत लिहून काढले आणि ती बोली येणाऱ्या बायकांनी समोर बसून ते विचारले. सिल्हेटीचंही असंच आहे. प्रमाण बंगालीतलं माहितीपत्रक म्हणजे कोकणातल्या एखाद्या म्हातारीला संस्कृतप्रचुर सरकारी मराठीत संमतिपत्र वाचून दाखवण्यासारखं. ‘स्थानिक भाषेत उपलब्ध’ असं कागदावर लिहिलेलं असतं, ते खरं किती असतं हे अशा वेळी कळतं.

एडिंबरा आणि ग्लासगोमध्ये प्रा. भोपाळ यांनीच ‘पोडोसा’ नावाचा प्रयोग केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या १७१ लोकांना घेतलं. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी आहारतज्ज्ञ तीन वर्षांत पंधरा वेळा गेल्या. घरात स्वयंपाक कोण करतं, तिला सोबत बसवलं. कारण डाळीला फोडणी किती तेलाची घालायची, हे मधुमेही माणूस ठरवत नाही, ते चुलीपाशी उभी असलेली ठरवते. तीन वर्षांनी १७१ पैकी १६७ जण टिकून होते. कोणत्याही अभ्यासात इतके लोक टिकणं दुर्मीळ आहे, आणि हे तेच ‘हाताला न लागणारे’ लोक.

तिसरं काम पूर्व लंडनमध्ये, क्वीन मेरी विद्यापीठाच्या ‘जीन्स अँड हेल्थ’चं. २०१५ पासून ब्रिटिश बांगलादेशी आणि पाकिस्तानी लोकांची थुंकी नमुना म्हणून गोळा केली जाते. मशिदीत, दवाखान्यात, जत्रेत, जिथं माणसं असतात तिथं जाऊन. लक्ष्य एक लाखाचं, त्यातला अर्धा पल्ला कधीच पार झालाय. याचा उपयोग काय, तर एक उदाहरण पुरे. क्लोपिडोग्रेल ही गोळी आपल्याकडेही घराघरांत आहे. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या डब्यात ती बऱ्याचदा असते. ही गोळी पोटात गेल्यावर यकृतातल्या एका विकरानं तिचं खऱ्या औषधात रूपांतर व्हावं लागतं. ‘जीन्स अँड हेल्थ’च्या चव्वेचाळीस हजारांहून जास्त लोकांच्या माहितीतून २०२३ साली दिसलं की त्यांतल्या ५७ टक्के लोकांच्या जनुकांत असा बदल आहे की ते रूपांतर नीट होत नाही. म्हणजे त्यांच्यापैकी कुणी ही गोळी घेतली, तर निम्म्याहून जास्त जणांना तिचा पुरता गुण येणार नाही. हे आधी का कळलं नाही? कारण औषधाच्या मोठ्या चाचण्यांत ही माणसं फारशी नव्हतीच.

अमेरिकेत चित्र वेगळं आणि तितकंच अपुरं. हृदयविकाराचं आजचं बरंचसं ज्ञान मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातून आलं. १९४८ पासून ५,२०९ माणसं, जवळपास सगळी गोरी. २००० साली ‘मेसा’ नावाचा बहुवंशीय अभ्यास सुरू झाला, ६,८१४ लोकांचा: गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि चिनी. भारतीय उपखंडातलं कुणीच नाही. १९९२ ते २०१८ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या एकूण खर्चापैकी आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या वंशाच्या लोकांवर केंद्रित संशोधनाला गेले ०.१७ टक्के.

ही उणीव भरायला सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अल्का कनाया यांनी २०१० साली ‘मसाला’ अभ्यास उभा केला. सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि शिकागो इथले ९०६ लोक. दोन्हीकडे मराठी माणूस भरपूर आणि महाराष्ट्र मंडळंही जुनी, त्यामुळे त्यात आपलेही असणार. निष्कर्ष हादरवणारा होता: वयाचा हिशेब जमवल्यावर मधुमेह दक्षिण आशियाईंत २३ टक्के, कृष्णवर्णीयांत १८, लॅटिनोंत १७, चिन्यांत १३, गोऱ्यांत ६. पण हे २३ टक्के कुणाचे? बहुसंख्य भारतात जन्मलेले, आणि दहांतले जवळपास नऊ पदवीधर किंवा त्याहून जास्त शिकलेले. अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर डॉक्टर-इंजिनिअर म्हणून गेलेल्यांची आणि नंतर संगणकावर गेलेल्यांची ही पिढी. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवणारा बांगलादेशी आणि मोटेलच्या खोल्या साफ करणारी बाई यांत फारसे नाहीत. पैसा आणि शिक्षण असूनही २३ टक्के, तर ते नसलेल्यांचं काय? अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या लोकांना मुद्दाम सामील करून घेतलं जातंय, ते याच प्रश्नापायी.

आणखी एक बारीक गोष्ट. या लोकांना शोधायचं कसं? ‘मसाला’नं दक्षिण आशियाई आडनावांच्या याद्या वापरल्या. ब्रिटनमध्ये तर त्यासाठी खास संगणक प्रणाली आहेत, ब्रॅडफर्डहून आलेल्या एकीचं नावच ‘नाम पहचान’. पटेल, सिंग, चौधरी पटकन सापडतात. पण गोव्याचा फर्नांडिस, वसईची डिसोझा? यंत्राला ते पोर्तुगीज वाटणार. कुलकर्णी आडनावाची मुलगी टेलरांकडे सून म्हणून गेली की ती यादीतून गळाली. स्विंडनमध्ये हजारो गोवेकर राहतात, अनेकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहेत. चुलीवरचं कालवण तेच, अंगातली साखरही तीच असेल, पण आडनावाच्या चाळणीतून ते सटकतात. जो सापडायला सोपा, तोच समाजाचा प्रतिनिधी होऊन बसतो.

ताईच्या २४ या आकड्याकडे परत येते. २०२१ साली इंग्लंडमधल्या १४ लाखांहून जास्त लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून एक हिशेब मांडला गेला. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना, म्हणजे लठ्ठ म्हणून नोंद होते तेव्हा, मधुमेहाचा जितका धोका असतो, तितकाच धोका दक्षिण आशियाई माणसाला २३.९वर असतो. पत्रं पाठवून आलेल्या हौशी लोकांऐवजी इथं सगळ्या रुग्णांच्या नोंदी होत्या, म्हणून तो मला जास्त भरवशाचा वाटतो. ताई ‘नॉर्मल’ नव्हती. ती पहिल्या दिवसापासून धोक्याच्या रेघेवर उभी होती.

आणि ही रेघ समजून घेण्याचं मोठं काम आपल्या पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा माग ठेवला. शेतात राबणाऱ्या, सडपातळ बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पुण्याची बाळं किडकिडीत दिसत होती, पण कमी होते ते स्नायू. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. ‘बारीक पण चरबीयुक्त’ असं हे भारतीय शरीर जन्मापासूनच. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघेही सारखेच सडपातळ, दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. आपल्या शरीराविषयीचं हे सत्य सिद्ध झालं ते त्या सहा गावांतल्या बायकांनी वर्षानुवर्षं वजनकाट्यावर उभं राहून, बोटातून-दंडातून रक्त देऊन, मुलांनाही पुन्हा पुन्हा तपासणीला आणल्यामुळे. सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी इंजिनिअरचा डॉक्टर आज ‘पोटाचा घेर मोजू या’ म्हणतो, त्यात त्यांचाही हात आहे. त्यांची नावं कुठल्याच निबंधात येत नाहीत.

ब्रिटनमध्ये सध्या ‘अवर फ्यूचर हेल्थ’ नावाचा, ‘यूके बायोबँक’हूनही मोठा अभ्यास चालू आहे, लक्ष्य ५० लाख प्रौढांचं. आधी वगळल्या गेलेल्या समाजांना त्यात आणायचं उघडपणे ठरवलंय. केंद्रं औषधांच्या दुकानांत आणि सुपरमार्केटच्या वाहनतळावर उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये आहेत. ताईलाही पत्र आलं. ती आता सदुसष्ट वर्षांची आहे. या वेळी पत्र फ्रीजला लागलं नाही. जाऊन रक्त देऊन आली, घेर मोजून आली, संध्याकाळी मला फोन केला. ‘‘अगं, रकान्यात इंडियन लिहिलं. मराठी लिहायला जागा नव्हती.’’

तुमची मुलगी, भाऊ, मावशी परदेशात असेल, तर या दिवाळीला फोनवर फराळाची चौकशी झाल्यावर एवढं विचारा: असं पत्र आलंय का? आलं असेल तर जायला सांगा. संमतीचा कागद नीट वाचायला सांगा, कळला नाही तर आपल्या भाषेत समजावून मागायला सांगा, पटलं नाही तर नाही म्हणायला सांगा. आणि त्यांच्या डॉक्टरला रेघ २५वर दिसत असेल, तर ती २३वर आहे, हे तिथल्या तिथं सांगायला सांगा.